पेटीतलं उलथनं

उलथनं जागेवर नाही हे मामीच्या लक्षात आलं, तेव्हा भट्टी पेटून दीड दिवस झाला होता; त्या धांदलीत तोवर चुलीवर कढई चढलीच नव्हती. चुलीशेजारच्या भिंतीत त्याच्यासाठी वेगळा खिळा होता आणि तो मोकळा होता. मामीने आधी भांड्यांच्या फळीवर पाहिलं, मग फळीखाली, मग उगाचच पाण्याच्या पिंपामागेही हात घातला. हरवलेली वस्तू जिथे असणं शक्य नाही, तिथेही माणूस शोधतोच.

ते उलथनं मामीचं नव्हतं, तिच्या नणंदेचं होतं. नणंद चार महिन्यांपूर्वी तापात गेली आणि तिची नऊ वर्षांची मुलगी मामाकडे राहायला आली. दोन जोड कपडे, एक फणी आणि हे उलथनं, एवढंच तिच्याबरोबर आलं. गाठोडं मामाने घेतलं होतं, पण उलथनं तिने सगळ्या प्रवासभर स्वतःच्या हातात धरलं होतं. तिला सगळे मुंगी म्हणत. आईनेच पाडलेलं नाव. पोर सदानकदा काही ना काही उचलून इकडचं तिकडे नेत असायची म्हणून. इथे आल्यापासून ती बोलायचीही मुंगीसारखीच. ऐकायचं तर आपण वाकायचं.

मामीने ते उलथनं नुसतं टांगून ठेवलं नाही, रोज वापरलं. आईची वस्तू शोभेसारखी भिंतीवर राहिली तर पोरीला आई रोज नव्याने गेल्यासारखी वाटेल, असं तिच्या मनात आलं होतं. तसं ते वापरायला अवघडच. झिजून झिजून पातं तिरकं झालेलं, तेही नेमकं नको त्या बाजूला. कढईचं बूड खरवडताना मनगट उलटं वळवावं लागायचं. कडेला एक बारीकशी चीरही गेली होती. लोखंडच एका अंगाने कच्चं असावं, असं मनाशी म्हणून मामी मनगट वळवत राहिली.

मामाला सांगितलं तर तो म्हणाला, उलथन्याला काय पाय आहेत? भट्टीत कोळसा घालणारा एक गडी होता, त्याला सगळे घड्याळ म्हणत, कारण तो कधीच वेळेवर येत नसे. त्याने मांजरावर संशय घेतला. मामीने विचारलं, मांजर उलथनं नेऊन काय करणार, स्वयंपाक? त्यावर त्याने, आमचं मांजर तुम्ही पाहिलं नाहीये, असं उत्तर दिलं. मुंगी उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. एरवी मांजराच्या गोष्टीला ती थोडी तरी हसायची. त्या दिवशी हसली नाही.

घर कारखान्याच्या मागच्या अंगाला होतं. तिथे लोखंडाचं पोलाद व्हायचं आणि ते करणारा भट्टीवाला म्हणजे मामा. काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या उंचीपेक्षा लांब अशी दगडी पेटी. तिच्यात लाकडी कोळशाच्या चुऱ्याचा थर, त्यावर दीड बोट जाडीच्या लोखंडी पट्ट्या, पुन्हा चुरा, पुन्हा पट्ट्या. पेटी भरली की वरून ती मातीने लिंपून बंद करायची, हवेला केसाएवढी फट ठेवायची नाही. मग खाली नऊ दिवस विस्तव. वितळवायचं काही नाही. लोखंड आणि कोळसा अंधारात एकमेकांना चिकटून नऊ दिवस तापत राहतात, आणि कोळशातलं काहीतरी हळूहळू लोखंडात उतरतं. नंतर आठ दिवस सगळं आपोआप निवू द्यायचं. सतराव्या दिवशी पेटी उघडायची.

लिंपणाची माती मामीची. धार लावणाऱ्यांच्या दगडी चाकांखाली जो गाळ साठतो, तो आणून, भिजवून, तिंबून ती लोण्यासारखा करायची. एकवीस वर्षांत तिच्या हातच्या लिंपणाला तडा गेला नव्हता. काम सुरू करताना ती देवाचं नाव घ्यायची आणि संपेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. लोक म्हणत, हिचा नेम आहे. ती म्हणायची, बोलताना हात पातळ पडतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात बसून राखीव माती तिंबत होती. भट्टी पेटली तरी थोडी माती ओली ठेवावी लागते, न जाणो कुठे फट दिसली तर. मुंगी येऊन शेजारी उकिडवी बसली. पेटी कधी उघडणार, असं तिने विचारलं. मामीने सांगितलं. त्याच्या आधी नाहीच का? नाहीच, मामी म्हणाली, का गं?

"म्हणजे सतराव्या दिवशी उलथनं पोलादाचं झालेलं असेल ना?"

मामीचे हात मातीतच थांबले. खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. पेटी भरली त्या दिवशी सगळे जेवायला गेले होते, तेव्हा पेटीच्या तोंडाशी ठेवलेलं मुठीएवढं भोक अजून लिंपायचं राहिलं होतं. मुंगीने त्यातून उलथनं आत चुऱ्यात खुपसलं. जेवण झाल्यावर मामी आली, तिने त्या भोकावर मातीचा गोळा बसवला, तळहाताने गुळगुळीत केला आणि अंगठ्याने दाबून वर खूणही उमटवली. म्हणजे उलथनं बंद केलं ते तिनेच.

"पण का टाकलंस बाळा आत?"

"तुम्ही शेजारच्या काकूंना म्हणालात, हे आता फार दिवस काढायचं नाही." मुंगी जमिनीकडे बघत होती. "आईच्या वेळी डॉक्टर बाबांना असंच म्हणाले होते. मी दाराआड होते. तेव्हा मला काही करता आलं नाही."

तिचे बाबा तर त्याही आधी कामासाठी दूर देशी गेलेले; तेवढ्यापुरते आले होते आणि पुन्हा गेले. म्हणजे डॉक्टरांचं ते वाक्य या घरात येईपर्यंत या पोरीच्या एकटीच्याच पोटात होतं. मामीला आपलं वाक्य आठवलं. नवं उलथनं घ्यावं का, एवढ्याच बोलण्यात ते सहज तोंडून गेलं होतं. तिला पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. तिने दंडानेच तिचं डोकं ओढून खांद्याशी घेतलं आणि बराच वेळ तसंच धरलं.

मामाला हे कळलं तेव्हा तो आधी हसला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. पट्टीला नऊ दिवस लागतात कारण ती जाड असते. हे पातळ पातं. आच आजच कुठे पुरती लागलीय, उद्या सकाळपर्यंत याचं काम आटोपेल, तो म्हणाला. त्यानंतर ते आत राहील तेवढं कोळसा खातच राहणार. कोळसा थोडा खाल्ला तर पोलाद, फार खाल्ला तर काच. नऊ दिवसांनी ते हात लावताच तुटेल, नाहीतर वितळून पेटीच्या बुडाला चिकटलेलं सापडेल.

मुंगी दाराशी उभी होती. मामाच्या ते उशिरा लक्षात आलं.

आता उलथनं काढायचं तर त्या भोकातूनच. भोक होतं ते चाखणीसाठी. पट्ट्यांपैकी तीन त्यातून हाताला येतील अशा ठेवलेल्या असत. सातव्या, आठव्या, नवव्या दिवशी एकेक ओढून काढायची, मोडून पाहायची, आतला रंग बघून विस्तव कधी थांबवायचा ते ठरवायचं. या तीन पट्ट्यांना कारखान्यात चाखण्या म्हणत. दर वेळी तोंड उघडलं की हवा आत शिरते, म्हणून तीनच. त्याहून जास्त वेळा उघडायचं नाही, हा मामाचा नियम होता, आणि त्याच्या आधीच्या भट्टीवाल्याचाही. भट्टी पेटल्यापासून निवेपर्यंत तिथे मालकाचाही शब्द चालत नसे, चालायचा तो मामाचा. त्यामुळे परवानगी कुणाची मागायची नव्हती, आणि दोष द्यायलाही कुणी दुसरं नव्हतं.

मामीने आग्रह केला नाही. जे घडलं ते सांगितलं आणि ती भाजी चिरायला बसली. मामा मान चोळत अंगणात फेऱ्या मारत राहिला. बहीण लहानपणी कशी होती ते त्याला आठवत असणार. शेवटी दारात येऊन म्हणाला, "उद्या सकाळी पहिली चाखणी काढतो. दोनावर भागवीन."

मग त्याने मुंगीला जवळ बोलावून विचारलं, उलथनं कसं घातलंस, पातं आधी की मूठ आधी? कारण मुठीच्या टोकाला टांगायची कडी होती. कडी भोकाकडे असली तर लांब आकड्याने ती पकडता येईल. पातं भोकाकडे असलं तर आकडा घसरत राहील आणि वेळ जाईल, तेवढा वेळ तोंड उघडं ठेवता येणार नाही.

मुंगीला आठवेना. मामाने भिंतीवर कोळशाने एक गोल काढला आणि म्हणाला, हे भोक समज, आणि दाखव. तिने उजव्या हातात लाकडी चमचा घेतला, गोलापाशी नेला, पुन्हा मागे घेतला, चमचा फिरवला, पुन्हा फिरवला. असंच घातलं, नाही, असं नाही. मामा म्हणाला, राहू दे, बघू उद्या जे होईल ते.

मामी मात्र तिच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो हात फ्रॉकच्या चुण्यांत लपलेला होता, मुठीत कापड घट्ट धरून. मामीला चार महिन्यांपूर्वीचा पहिला आठवडा आठवला. पोरीने डाव्या हाताने पीठ चाळायला घेतलं होतं आणि आपण सवयीने म्हणालो होतो, बाळा, उजव्या हाताने गं. एकदाच म्हणालो होतो. त्यानंतर ती डाव्या हाताने काही करताना दिसलीच नव्हती. आणि ते नको त्या बाजूला झिजलेलं पातं. नणंदेला तिने स्वयंपाक करताना कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर लगेच ती लांब गेली होती.

"अहो, तुमची बहीण डावखुरी होती?"

"हो. का?" मामा म्हणाला. "आई तिला सारखी रागवायची."

मामी उठली. तिने मुंगीच्या हातातून चमचा घेतला, चुण्यांतला हात हलकेच सोडवला आणि चमचा त्या हातात दिला. "ह्या हाताने दाखव. माझंच चुकलं होतं."

मुंगीने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा मामीकडे. मग डोळे मिटले. हात आपोआप पुढे गेला, मूठ मुठीवर, पातं पुढे, मनगट थोडं खाली झुकलेलं, आणि अंगठ्याने शेवटी एक ढकल. उलथन्याला कडी असते नेमक्या त्या टोकावर अंगठा होता.

"कडी बाहेरच्या बाजूला आहे," मामा म्हणाला आणि कितीतरी वेळाने त्याने खांदे सैल सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ वेळेच्या आधी हजर होता. मामाने भुवया उंचावल्या तर म्हणाला, एवढ्या वर्षांत इथे पहिल्यांदाच काही मुदतीआधी निघतंय, ते मी चुकवू? मामी मातीचा गोळा दोन्ही हातांत घेऊन भोकाच्या डावीकडे उभी राहिली. मुंगीला मागे, कोळशाच्या ढिगाजवळ उभं केलं होतं. मामीने मनातल्या मनात देवाला म्हटलं, पट्ट्यांचं तू बघ, आज मी दुसरंच मागते. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण एकवीस वर्षांत तिने नेहमी पट्ट्यांसाठीच मागितलं होतं.

मामाने सुकलेला गोळा फोडला. आतून लाल उजेड आला, आवाज अजिबात नाही. त्याने चिमट्याने पहिली चाखणी ओढून बाजूला टाकली, ती वाट अडवत होती. मग आकडा आत घातला. एकदा फिरवून बाहेर काढला, तर नुसता जळता चुरा सांडला. घड्याळ मोठ्याने एक, दोन, तीन मोजत होता; वीसपर्यंत उघडं ठेवायचं असं ठरलं होतं. बारावर मामाने आकडा पुन्हा घातला, या वेळी खालच्या अंगाने, मनगट झुकवून, काल पोरीने दाखवलं होतं तसं. सतरावर काहीतरी अडकलं. एकोणीस म्हणायला घड्याळ जरा थांबला, आणि थांबला तो थांबलाच. तेवढ्यात उलथनं कडीला लोंबकळत बाहेर आलं, लालबुंद, अख्खं. मामीने गोळा भोकावर बसवला आणि तळहात भाजेपर्यंत दाबून धरला.

"वीस," घड्याळ म्हणाला.

मामाने उलथनं तसंच गरम राखेत पुरलं. पाण्यात घालायचं नाही, त्याने सांगितलं, पाण्यात घातलं तर तडकेल. चाखणी निवल्यावर त्याने ती ऐरणीच्या कडेवर मोडली. कडेला करड्या बारीक कणांची रेघ होती आणि आत सगळं पांढरं मऊ लोखंड. अजून खूप वाट बघायची आहे, एवढंच त्यातून कळलं. पुढे पेटी उघडली तेव्हा तोंडाजवळच्या दोन पट्ट्या हवा लागून वाया गेलेल्या निघाल्या. मामाने मालकांना ते माझ्यामुळे झालं असं सांगितलं आणि कारण सांगितलं नाही. बाकीचा घाणा चांगला उतरला.

चाखणी काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी राखेतून उलथनं काढलं तेव्हा मुंगी एक पाऊल मागे सरली. ते काळपट करडं झालं होतं आणि सगळ्या अंगावर फोड उठले होते, कुठे राईएवढे, कुठे वाटाण्याएवढे. पोलाद झाल्याची तीच खूण असते, मामा म्हणाला. पण त्या पोरीने फोड आणि ताप यांचं काय नातं जवळून पाहिलं होतं, ते मामीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

मुंगीने विचारलं, "आता टिकेल?"

मामाच्या तोंडावर हो आलंच होतं. मामीने त्याच्या हाताला स्पर्श करून त्याला थांबवलं. या मुलीजवळ बोललेला शब्द किती खोल जातो हे तिला आता ठाऊक होतं, आणि गोड खोटंही तितकंच खोल जाईल.

"असं राहिलं तर नाही टिकणार, बाळा," ती म्हणाली. "कठीण झालंय, पण ठिसूळही झालंय. खाली पडलं तर तुटेल. ज्यांना यातलं कळतं त्यांना आपण विचारू."

यातलं कळणारे म्हणजे पलीकडच्या छपरातले लोहार. मोठ्या हातोड्याखाली चाळीस वर्षं काढून त्यांचे कान गेले होते, म्हणून ते सगळं ओरडून बोलत, आणि समोरचा प्रत्येक जण त्यांना हळू, हळू म्हणे. शेवटी त्यांचं नावच हळूकाका पडलं. मामी, मामा आणि मुंगी तिघं गेली. उलथनं मुंगीच्या दोन्ही तळहातांवर होतं, झोपलेलं पिल्लू न्यावं तसं.

हळूकाकांनी ते उजेडात धरलं, नखाने टिचकी मारून कानापाशी नेलं, मग काही ऐकू येत नाही हे आठवून दाताशी लावून पुन्हा टिचकी मारली. मामाशी न बोलता ते थेट मुंगीसमोर गुडघ्यावर बसले.

"हे बघ पोरी. मंद आचेवर तापवून मी हे ठोकलं तर फोड बसतील, ती चीर मिटेल, आणि तुझी नातवंडं याने स्वयंपाक करतील. पण आता दिसतंय तसं ते दिसणार नाही. हा तिरकेपणा जाईल. नाही ठोकलं तर असंच राहील, पण भिंतीवर. कढईत नाही. दोन्हींपैकी एकच मिळेल, आणि ते तूच सांगायचं."

मामाला हे फार झालं असं वाटलं. एवढ्याशा पोरीला असं विचारतात का, असं त्याने मामीच्या कानात म्हटलं. मुंगीने तिरक्या कडेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोनदा. त्या कडेत तिच्या आईचा रोजचा हात होता. सकाळचा, संध्याकाळचा, इतक्या वर्षांचा. त्या हाताने झिजवला तेवढाच लोखंडाचा तुकडा जगातून कमी झाला होता. मग तिने उलथनं हळूकाकांच्या हातात दिलं आणि ऐरणीकडे बोट दाखवलं.

हळूकाकांनी ते पिवळं होऊ दिलं नाही, डाळिंबाच्या दाण्यासारखं गडद लाल होताच बाहेर काढलं. छोटा हातोडा घेतला. मोठमोठे घाव घालणारा तो माणूस इतक्या हलक्या हाताने ठोकत होता की शेजारच्या ऐरणीवरचे दोघं काम थांबवून बघत राहिले. तापवायचं, चार घाव, परत तापवायचं. फोड एकेक करून बसले. चीर मिटली. तिरकं पातं पसरत गेलं आणि सरळ झालं. मुंगी पापणी न हलवता बघत होती. सरळ झालेलं पातं पाहताना मामीच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने मातीचा डाग पुसावा तसं मनगटाने पुसलं.

उलथनं निवल्यावर हळूकाकांनी कानस उचलली. पोरीने तिरक्या कडेवरून फिरवलेलं बोट त्यांच्या मनातून गेलं नसावं. होती तशी तिरकी कड मी कानसून देतो, ते ओरडले, घटकाभराचं काम आहे. कुठल्या बाजूला होती तेवढं सांग.

मुंगी काहीतरी म्हणाली. मामीला जवळ असूनही ऐकू आलं नाही, तर हळूकाकांना काय येणार. त्यांनी हात कानामागे धरला. ती पुन्हा म्हणाली, तेवढ्याच आवाजात. मामा सांगायला पुढे होऊ लागला, तेव्हा मामीने त्याची बाही धरली.

मुंगीने उलथनं डाव्या हातात घेतलं, एक श्वास भरला, आणि छपराच्या पत्र्यापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"राहू द्या! ती मी झिजवीन!"

छपरात सगळे हात थांबले. कोपऱ्यातला भाता तेवढा आपल्या आपण एक उसासा टाकून बसला. हळूकाकांनी कानस खाली ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच अगदी सावकाश, हलक्या आवाजात म्हणाले, "ऐकलं गं बाई, ऐकलं."